स्त्री-अभ्यास : एका नव्या विषयाची जुनी हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, बालसंगोपन आणि तीर्थयात्रा यांवरील लेख नेहमी असतात व ते आवडीने वाचलेही जातात. यंदा चिटणीसबाईंनी मला "काहीतरी इतिहासाचे द्या" असे सांगितले. इतिहास म्हटला की आपल्यापुढे पवनीचा किल्ला, आंबागड आणि नागपूरकर भोसले उभे राहतात. त्यांविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी येथे एका विद्येचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. ती विद्या म्हणजे विद्यापीठात शिकवला जाणारा ‘स्त्री-अभ्यास’. कोणी त्यास स्त्री अध्ययन म्हणतात, कोणी लिंगभाव-अभ्यास म्हणतात.

आमच्या घरात हा शब्द जाऊबाईंच्या नातीने आणला. भंडाऱ्यात राहूनच ती बी.ए. झाली आणि पुढे वर्धेस जाऊन याच विषयात एम.ए. करण्याचा मनोदय तिने सांगितला. त्यावर घरात तीन शंका निघाल्या. हा काय विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे, ही पहिली. बायकांचे जिणे बायकांना ठाऊकच असते, त्यात शिकायचे ते काय, ही दुसरी. आणि शिकून पुढे काय, ही तिसरी. उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात या शंका निघतील. माझा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, म्हणून त्यांची उत्तरे इतिहासातूनच शोधावी असे मला वाटले.

स्त्रियांचे शिक्षण आणि स्त्रियांविषयीचे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीने त्याचा पाया भक्कम झाला. आपल्याकडे नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले व पुढे आपल्या जिल्ह्यातील मुलीही तेथील पदव्या घेऊ लागल्या. हे सारे मोठे काम झाले, यात संशय नाही. परंतु मुलगी वर्गात जाऊन बसली तरी तिच्यापुढे उघडलेल्या पुस्तकात तिची आजी कोठेच नव्हती. मी स्वतः मुलींना पानिपत शिकवले, तहांच्या सनावळ्या पाठ करवून घेतल्या. जिजामाता, अहिल्याबाई आणि झाशीची राणी यांच्यापलीकडे क्रमिक पुस्तकात स्त्री क्वचितच भेटे. बाकीच्या लाखो जणी त्या काळात काय करीत होत्या, हे पुस्तक सांगत नव्हते.

आता, त्या लाखो जणी मुक्या होत्या काय? मुळीच नाही. १८५५ साली फुले यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८८२ साली आपल्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली होती व ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आग पाखडली जाऊ लागली. ताराबाईंनी त्यास सडेतोड उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न होता. वडील सरकारी कचेरीत नोकर, घर सत्यशोधक विचारांचे, आणि लेखिका कोणत्याही कॉलेजची पायरी न चढलेली. खुद्द जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली.

पुढे या पुस्तकाचे काय झाले, ते प्रत्येकीने लक्षात ठेवावे. ताराबाईंनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही, आणि होते तेही लोकांच्या विस्मरणात गेले. जवळजवळ नव्वद वर्षांनी स. गं. मालशे या संशोधकांच्या हाती ते लागले आणि १९७५ साली त्यांनी ते पुन्हा छापले. मध्यंतरी तीन पिढ्या गेल्या. त्या पिढ्यांतील शिकलेल्या स्त्रियांनाही आपल्याआधी एवढे स्पष्ट कोणी लिहिले आहे याचा पत्ता नव्हता. एखादी प्रत जपून ठेवणारे आणि तिचे मोल ओळखणारे कोणी नसले म्हणजे लिहिलेलेसुद्धा नाहीसे होते. मग जे लिहिलेच गेले नाही, त्याची कथा काय सांगावी!

विद्यापीठांनी हा विषय हाती घेतला तोही याच सुमारास. १९७१ साली केंद्र सरकारने भारतातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा व वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. १९७४ च्या अखेरीस समितीने आपला अहवाल दिला, त्याचे नाव ‘समानतेच्या दिशेने’ अशा अर्थाचे होते. स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटनेने समान हक्क दिले, मुली शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा सर्व सुरळीत चालले असेल अशी विद्वानांचीही समजूत होती. अहवालाने ती मोडली. १९०१ साली देशात हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली ९३० उरल्या होत्या. हा आकडा दर दहा वर्षांनी शिरगणतीत छापला जात होता, पण तो का घटतो असे मोठ्याने विचारणारे त्यापूर्वी फारसे कोणी नव्हते.

त्याच १९७४ साली मुंबईस कर्व्यांच्या महिला विद्यापीठात, म्हणजे एस.एन.डी.टी.त, समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांविषयी संशोधन करणारे केंद्र सुरू झाले. या विषयातले ते देशातील पहिले केंद्र होय. १९८१ साली तेथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि पुढल्या वर्षी या विषयाची अखिल भारतीय संघटना निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्रियांच्या समानतेसाठी शिक्षण हे ध्येय मान्य केले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी केंद्रे काढण्यास साहाय्य दिले. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. त्यास सावित्रीबाईंचे नाव आहे. विद्युत भागवत आणि त्यांच्यामागून शर्मिला रेगे यांनी ते नावारूपास आणले. आपल्याला जवळ म्हणाल तर वर्धा. तेथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ साली स्थापन झाले आणि तेथे स्त्री अध्ययनाचा स्वतंत्र विभाग आहे. शिकवणे हिंदीतून असते, ही आपल्याकडील मुलींना मोठी सोय आहे.

तेव्हा पहिल्या शंकेचे निरसन झाले असे मी समजते. विषय विद्यापीठाचा आहे, आणि विद्यापीठाच्याही आधी तो आपल्या विदर्भकन्येचा आहे.

आता दुसरी शंका. बायकांना बायकांचे जिणे ठाऊक असते, हे अर्धेच खरे. आपल्याला ते सोसून ठाऊक असते. ते तसे का, हे ठाऊक असतेच असे नाही. एक उदाहरण आपल्या धानाच्या बांधीतलेच घेऊ. लीला दुबे या नामवंत समाजशास्त्रज्ञ होऊन गेल्या (१९२३–२०१२). विदुषी गायिका सुमती मुटाटकर यांच्या त्या धाकट्या भगिनी. छत्तीसगडच्या गोंड स्त्रियांवर त्यांनी संशोधन केले होते आणि वर सांगितलेल्या समितीच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९८६ साली त्यांनी ‘बीज आणि भूमी’ या कल्पनेवर निबंध लिहिला. पुरुष बीज देतो आणि स्त्री ही केवळ जमीन, असे आपल्या शास्त्रांत व लोकांच्या बोलण्यात सर्रास म्हटले जाते. बोलण्यात ते साधे वाटते. परंतु पीक बी पेरणाऱ्याचे, जमिनीचे नव्हे, असा त्याचा हिशेब लागतो. आणि मग मूल बापाचे, कुळ बापाचे, वारसा बापाचा, असे सर्व ओघाने येते. एका उपमेच्या पोटात केवढा कायदा दडलेला असतो, हे बाईंनी उलगडून दाखवले.

आपण तर भाताच्या मुलखातल्या बायका. बी कोणते ठेवायचे, पऱ्हे कधी उपटायचे, चिखलात वाकून मागे सरत रोवणी कशी करायची, हे सर्व ज्यांच्या हातांना ठाऊक त्यांना ‘केवळ जमीन’ म्हणणे किती चमत्कारिक आहे! तरी साताबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, ते प्रत्येकीने घरी जाऊन पाहावे.

आमच्या घरी शेतीच्या हिशेबाच्या जुन्या वह्या आहेत. जाऊबाईंच्या नातीने त्या माळ्यावरून काढल्या व एक गोष्ट मला दाखवली. नांगरणीच्या दिवशी गड्यांची नावे आहेत, त्यांच्यापुढे मजुरी आहे. रोवणीच्या दिवशी नुसते ‘बाया ११’, ‘बाया १४’ असे आकडे आहेत. संबंध वहीत एकाही बाईचे नाव नाही. या वह्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात आहेत. पोरीने त्या वाचल्या त्या तिला वाचायला शिकवलेल्या नजरेने. स्त्री-अभ्यासात दोन वर्षे काय शिकवतात असे मला कोणी विचारले, तर मी ही वही पुढे करीन.

विड्यांचेही तेच. आपल्या जिल्ह्यात तेंदूच्या पानांवर आणि बायकांच्या बोटांवर विडीचा धंदा वाढला. घरात बसून, मांडीवर सूप घेऊन, मुलांना सांभाळत हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या बाईला शेजारीपाजारी ‘घरीच असते’ असे म्हणत. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, तेव्हा घरी बसून काम करणारीही कामगार आहे असे कायद्याने म्हटले. तिच्या घरच्यांनी तसे म्हणण्यास त्याहून अधिक काळ लागला.

कायद्याच्या किती तरी आधी ही मागणी खुद्द स्त्रियांनी केली होती, आणि ती आपल्या शेजारी, नागपुरात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि वीस हजारांवर स्त्रिया जमल्या होत्या. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, एकाहून अधिक बायका करण्यास कायद्याने बंदी असावी, गिरण्या आणि विडी कारखान्यांतील कामकरी स्त्रियांना रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, मुलींसाठी वसतिगृहे काढावीत, असे ठराव तेथे झाले. हिंदू विवाहाचा कायदा त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५५ साली आला. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे १९५१ साली ज्यांनी मंत्रिपद सोडले (इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते), ते बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

ही परिषद क्रमिक पुस्तकात कधी आली नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी जणी गावोगाव फिरून त्या चळवळीतील वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना भेटल्या, त्यांच्या आठवणी त्यांनी टिपून घेतल्या, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध झाला. आज विद्यापीठांत तो अभ्यासला जातो. थोडा उशीर झाला असता तर त्यातल्या कितीतरी जणींबरोबर त्यांच्या आठवणीही गेल्या असत्या.

नागपूरच्याच कुमुद पावडे (१९३८–२०२३) यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. दलित घरात जन्मून त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केले. पदवी मिळाली, पण माहेरच्या सोमकुवर या नावाने नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर नाव बदलले आणि पुढे नोकरी मिळाली. ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. एकाच बाईची, त्याच पदवीची किंमत आडनावागणिक बदलते, तेव्हा ‘स्त्रीचे दुःख’ असा एकच शब्द वापरून भागत नाही. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ साली जो ग्रंथ लिहिला, त्याचे सार हेच आहे.

आणि त्याच २००६ सालच्या २९ सप्टेंबरला आपल्या जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे काय घडले, ते आपण विसरू शकत नाही. एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना गावच्या जमावाने ठार केले. न्यायालयात खुनाबद्दल शिक्षा झाल्या. परंतु दलितांवरील अत्याचारास प्रतिबंध करणारा कायदा येथे लागू होत नाही, असे धरले गेले. त्यावर देशभर वाद झाला. ती आई आणि ती मुलगी दोघी स्त्रिया होत्या व दलित होत्या. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून त्या घटनेचा अर्थ लागेल काय, हा प्रश्न दूरदूरच्या विद्यापीठांत विचारला गेला. भंडाऱ्याचे नाव जगाने अशा कारणाने वाचले. त्याचा विचार भंडाऱ्याच्या मुलींनी करू नये, तो परक्यांनीच करावा, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात स्त्रियांचे बरे चालले आहे. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया, तर भंडारा जिल्ह्यात ९८२. आकडा समाधानाचा आहे खरा. पण आपल्याकडे मुलींना अधिक जपतात म्हणून तो मोठा, की कामासाठी पुरुष बाहेरगावी जातात म्हणून? नुसता आकडा ते सांगत नाही. घरोघर जाऊन विचारणारी, हिशेब मांडणारी, आपली बोली समजणारी मुलगीच ते सांगू शकेल.

राहिली तिसरी शंका : पुढे काय? ही शंका मी हलकी मानीत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी आईने बांगडी मोडलेली असते. सर्वसाधारणपणे कोणत्याही शाखेची पदवीधर मुलगी या विषयात प्रवेश घेऊ शकते. प्राध्यापक होण्यासाठी लागणाऱ्या ‘नेट’ परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आले. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात समिती आली. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांचे काम करते. अशा कामांत या विषयाचे शिक्षण उपयोगी पडते. मात्र इंजिनिअर किंवा परिचारिका होणाऱ्या मुलीसारखी नोकरी हात जोडून उभी असते, असे मी सांगणार नाही. जिची वाचण्याची, फिरण्याची आणि विचारण्याची तयारी असेल तिनेच या वाटेस जावे. आणि तिच्या घरच्यांनी लग्नाच्या बाजारात ‘हा कसला विषय’ म्हणून तिला खाली मान घालावयास लावू नये.

आता मंडळाविषयी दोन शब्द. आपल्या कपाटात सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आहेत. जुन्या वह्यांत उपस्थित सभासदांची नोंद बहुतेक ‘सौ.’ आणि आडनाव एवढीच आहे. एकाच आडनावाच्या चार-चार जणी होत्या. भाषण कोणी केले आणि वर्गणी कोणी गोळा केली, ते आज सांगता येत नाही. फोटोंच्या मागे नावे नाहीत. त्या काळच्या ज्या थोड्या जणी हयात आहेत, त्यांना ती अजून सांगता येतील. तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत. यापुढे इतिवृत्तात प्रत्येकीचे स्वतःचे नाव पूर्ण लिहावे. जुने फोटो घेऊन वृद्ध सभासदांकडे जावे व नावे टिपून आणावीत. आणि रोवणीची गाणी, भुलाबाईची गाणी, जुन्या मजुरीचे दर, बाळंतपणाच्या चाली यांची एक वही घालावी. पुण्याकडे गी पोइतवां आणि हेमा राईरकर यांनी खेड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या अशाच दारोदार जाऊन.

हे काम हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र योजू नये. त्या दिवशी आपल्या विधवा भगिनी येत नाहीत, आणि सर्वांत जुनी गाणी त्यांनाच येतात. त्या का येत नाहीत, हाही स्त्री-अभ्यासाचाच एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास विद्यापीठात जावे लागत नाही. एखाद्या साध्या रविवारी दुपारी सर्वांना बोलवावे. जाऊबाईंची नात सुटीत घरी येईल तेव्हा लिहून घेण्यास बसेन म्हणते. तिच्याजवळ बसून नावे सांगण्याचे काम आपल्याला करावयाचे आहे.